विंचू पायाला, नळी छातीला

मंडळी, अशी कल्पना करा. खेड तालुक्यातल्या एखाद्या वाडीत दिवेलागणीची वेळ आहे. भातकापणी आटोपत आली आहे. नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा पडवीतल्या सरपणापाशी अनवाणी जातो आणि एकदम किंचाळतो. विंचू चावला! घरात धावाधाव होते. कोणी डंखावर कांदा चोळतो, कोणी मांत्रिकाला आणायला निघतो. एखादा शहाणा शेजारी मात्र रिक्षा काढतो आणि मुलाला घेऊन थेट दवाखाना गाठतो. डॉक्टर अंगठ्यावरचा डंख क्षणभर पाहतात आणि पाय सोडून मुलाचा हात धरतात. मनगटावर बोटे ठेवून घड्याळाकडे पाहतात. तळहात, तळपाय चाचपतात. मग कानाला नळी लावून बराच वेळ छाती ऐकत बसतात. हे पाहून मुलाची आजी वैतागते. बाहेर येऊन म्हणते, "आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! इंचू चावलाय पायाला, आणि हा ऐकत बसलाय छाती!"

आजीची शंका रास्त आहे. विंचू पायाला चावला तर डॉक्टर छाती का तपासतात? याचे उत्तर हवे असेल तर मनगटात उडते ती नाडी म्हणजे काय आणि छातीतून आवाज येतो तो कसला, हे आधी समजून घेतले पाहिजे. ते समजायला डॉक्टर व्हायला नको. तीन बोटे, सेकंदकाट्याचे घड्याळ आणि थोडा शांतपणा एवढे भांडवल पुरे.

हृदय म्हणजे आपल्या मुठीएवढा स्नायूंचा एक पंप. छातीच्या मधल्या हाडामागे, थोडासा डावीकडे कललेला. त्याला चार कप्पे आहेत. वरचे दोन रक्त घेतात, खालचे दोन ते पुढे ढकलतात. उजवी बाजू रक्त फुफ्फुसांकडे धाडते. तिथे शुद्ध झालेले रक्त डावी बाजू साऱ्या अंगभर खेळवते. मोठ्या माणसाचे हृदय विसाव्याच्या वेळीसुद्धा मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त पुढे ढकलते. म्हणजे दोन-तीन मिनिटांत एक कळशी भरेल! मिनिटाला ७२ ठोके धरले तर दिवसाचे एक लाखाहून अधिक ठोके होतात. आणि या गड्याला ना रविवार, ना शिमग्याची सुट्टी.

डावा खालचा कप्पा आवळला की रक्ताचा धक्का रक्तवाहिन्यांतून पुढे जातो. हाच धक्का मनगटात बोटाला लागतो, त्याला आपण नाडी म्हणतो. एक गोष्ट ध्यानात घ्या. त्या क्षणी हृदयातून निघालेले रक्त काही त्याच क्षणी मनगटात पोहोचत नाही; पोहोचतो तो धक्का. स्टेशनात उभ्या असलेल्या मालगाडीला इंजिन लागते तेव्हा धक्का डब्याडब्यातून शेवटपर्यंत जातो, पण पहिला डबा काही शेवटच्या जागी जाऊन पोहोचत नाही. तसेच हे.

आता नाडी पाहायची कशी? पाच मिनिटे स्वस्थ बसा. तळहात वर करा. अंगठ्याच्या मुळाखाली, मनगटाच्या कडेला, दुसऱ्या हाताची मधली तीन बोटे हलकेच ठेवा. अंगठ्याने नाडी पाहू नये, कारण अंगठ्याची स्वतःची नाडी उडत असते आणि आपलीच नाडी आपण दुसऱ्याची म्हणून मोजून बसतो. फार दाबू नका; दाबले तर धक्का नाहीसा होतो. घड्याळ समोर ठेवून पूर्ण एक मिनिट मोजा.

मोठ्या माणसाची नाडी विसाव्याला साधारण ६० ते १०० च्या दरम्यान असते. शाळकरी मुलाची थोडी जलद, ७५ ते ११५ च्या आसपास. नुकत्याच जन्मलेल्या बाळाची तर १२० ते १६० सुद्धा असते. रोज धावणाऱ्या, कसलेल्या गड्याची ५० वर आली तरी ते बहुधा दुखणे नसते. त्याचे हृदय एकेका ठोक्यात जास्त काम करते इतकेच. ताप एक अंश सेल्सियस चढला की नाडी साधारण १० ठोक्यांनी वाढते. भीतीने, रागाने, चढण चढल्यानेही ती वाढते आणि विसाव्याने उतरते. शिक्षकबंधुभगिनींनो, हा धडा वर्गात सहज घेता येतो. मुलांना आपापली नाडी मोजायला सांगा. मग मैदानाला दोन फेऱ्या मारून आल्यावर पुन्हा, आणि पाच मिनिटांनी तिसऱ्यांदा. तीन आकडे फळ्यावर मांडा. मुलांना गणितही येईल आणि शरीरही कळेल.

पण नाडीचा नुसता आकडा पुरेसा नाही. तीन गोष्टी पाहायच्या: गती, ताल आणि जोर. ती किती वेळा उडते, सारख्या अंतराने उडते की मध्येच चुकते, आणि बोटाला भरीव लागते की सुतासारखी बारीक. आपल्याकडचे वैद्य हे फार पूर्वीपासून पाहत आले आहेत. शार्ङ्गधरसंहितेत नाडीच्या चालीला प्राण्यांच्या चालीची उपमा दिली आहे. वाताची नाडी जळू आणि सापासारखी, पित्ताची कावळ्या-बेडकासारखी उड्या मारणारी, कफाची हंस-पारव्यासारखी संथ. आजचे वैद्यकशास्त्र दोषांच्या भाषेत बोलत नाही, पण बोटाखाली नाडीची चाल ओळखावी, हा धडा दोन्हीकडे सारखाच आहे.

मनगटाखेरीज नाडी मानेत, जांघेत आणि पावलाच्या वरच्या अंगालाही लागते. मानेतली नाडी पाहायची झाल्यास एका वेळी एकाच बाजूला, आणि तीही हलक्या हाताने पाहावी. दोन्ही बाजू एकदम दाबल्या तर मेंदूकडे जाणारे रक्त अडते. डॉक्टर पावलाची नाडी का पाहतात? कारण ती सर्वांत दूरची. नळाला पाणी कमी आले की शेवटच्या घराला आधी टंचाई जाणवते, तसे रक्त कमी पोहोचू लागले की हातापायांची टोके आधी गार पडतात. हे गार पडणे लक्षात ठेवा. पुढे त्याचे काम आहे.

आता आवाजाकडे वळू. मुलाच्या छातीला कान लावला तर 'लब्-डब्, लब्-डब्' असे ऐकू येते. हे आवाज आहेत दारे बंद होण्याचे. हृदयात चार झडपा आहेत आणि त्या एकाच दिशेने उघडतात. तुमच्यापैकी खाडीकाठच्या मंडळींनी खारबांधाची झडप पाहिली असेल. ओहोटीला आतले पाणी तिला ढकलून बाहेर पडते. भरतीचे पाणी उलटे येऊ लागले की त्याच पाण्याने ती दाबून बंद होते. हृदयाच्या झडपांची रीतही तीच. खालचे कप्पे आवळू लागले की रक्त वरच्या कप्प्यांत परत जाऊ पाहते आणि मधल्या दोन झडपा लागतात. तो 'लब्'. रक्त बाहेर ढकलून झाले आणि कप्पे सैलावले की बाहेरच्या दोन झडपा लागतात. तो 'डब्'. निरोगी झडप उघडताना आवाज करीत नाही. आपल्या घराचे दारही नीट असले तर उघडताना गप्प असते, लोटताना वाजते.

पहिला आवाज कोणता आणि दुसरा कोणता, हे ओळखायची एक युक्ती आहे. छाती ऐकता ऐकता मानेच्या नाडीवर बोट ठेवावे. ज्या आवाजाबरोबर बोटाला धक्का लागतो, तो पहिला. डॉक्टर एका हाताने नळी धरतात आणि दुसऱ्या हाताने नाडी धरतात, ते याकरिता. कधी कधी छातीवर ११० ठोके ऐकू येतात आणि मनगटावर ९०च लागतात. हृदयाचा ताल बिघडल्यामुळे काही ठोके इतके दुबळे पडतात, की त्यांचा धक्का मनगटापर्यंत पोहोचतच नाही. नुसती नाडी पाहिली असती तर ही तूट कळली नसती.

ही नळी आली कुठून, तीही गोष्ट ऐकण्यासारखी आहे. पूर्वी डॉक्टर रोग्याच्या छातीला थेट कान लावीत. १८१६ साली पॅरिसमध्ये लेनेक नावाच्या डॉक्टरांपुढे एक तरुण स्त्री रोगी आली. तिच्या छातीला कान लावणे त्यांना प्रशस्त वाटेना. लाकडाच्या ओंडक्याच्या एका टोकाला टाचणीने खरवडले तर दुसऱ्या टोकाला कान लावणाऱ्याला ते स्पष्ट ऐकू येते, हा मुलांचा खेळ त्यांना आठवला. त्यांनी कागदांची घट्ट सुरळी केली, एक टोक छातीवर ठेवले आणि दुसरे कानाला लावले. नुसत्या कानापेक्षाही आवाज स्वच्छ आला! तीच पहिली स्टेथॉस्कोप. गुरुजी, पुठ्ठ्याची सुरळी करून हा प्रयोग शाळेत करून पाहा. खोली मात्र शांत हवी.

डॉक्टर नळी छातीवर चार ठिकाणी ठेवतात: वर उजवीकडे, वर डावीकडे, मधल्या हाडाच्या खालच्या डाव्या कडेला आणि डाव्या स्तनाग्राच्या आसपास खाली, जिथे हृदयाचा ठोका हाताला लागतो तिथे. चार झडपांचे आवाज ऐकण्याच्या या चार जागा. झडपा काही नेमक्या या जागांखाली नसतात, पण रक्त ज्या दिशेने वाहते त्या दिशेला आवाजही वाहून येतो.

आता जगबुडी नदी डोळ्यांपुढे आणा. खोल डोहात पाणी मुकाट्याने वाहते. पात्र अरुंद झाले, मध्ये खडक आला, की तेच पाणी खळखळू लागते. हृदयातही असेच घडते. झडप आकसून अरुंद झाली, किंवा नीट न लागता गळू लागली, की 'लब्' आणि 'डब्' यांच्या मधल्या शांततेत 'सुऽऽ' असा खळखळाट ऐकू येतो. सगळेच खळखळाट वाईट नसतात. तापात, रक्त कमी असताना, गरोदरपणी, आणि कित्येकदा अगदी धडधाकट मुलातही तो ऐकू येतो आणि त्यात धोका नसतो. तेव्हा 'छातीत आवाज आहे' एवढे ऐकून घाबरू नये. पण तो कसला, हे तपासून घेतल्याशिवाय सोडूही नये. कारण ५ ते १५ वर्षांच्या मुलांत एक दुखणे असे आहे, की ज्याची सुरुवात साध्या घसादुखीने होते. दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो, आज गुडघा तर उद्या घोटा असे सांधे सुजतात, आणि मागाहून हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होतात. यालाच ऱ्हुमॅटिक ताप म्हणतात. वेळीच ओळखला तर पेनिसिलिनची इंजेक्शने तीन-चार आठवड्यांच्या अंतराने वर्षानुवर्षे देऊन पुढचे नुकसान टाळता येते. घसा धरल्यावर काही दिवसांनी लंगडू लागलेले, पूर्वी धावणारे पण आता पायरी चढताना धापणारे मूल वर्गात दिसले, तर त्याच्या आईबापांना बोलावून सांगा.

तिसरी खूण उरली, आणि तिथेच आजीच्या प्रश्नाचे उत्तर आहे. 'लब्-डब्'च्या मागोमाग कधी कधी तिसरा, दबका आवाज येतो. मुलांत आणि तरुणांत तो निरोगीपणीही ऐकू येऊ शकतो. परंतु रोगी अत्यवस्थ आहे, नाडी जलद आहे, आणि अशा वेळी दोन ठोक्यांच्या जागी तीन ठोके पडू लागले, तर घोडा चौखूर उधळल्यासारखी लय ऐकू येते. नमनातला मृदंग ऐकलेल्या कानाला हा तालातला फरक लगेच कळेल. ही घोड्याची चाल सांगते, की डावा कप्पा थकला आहे आणि आलेले रक्त त्याला पुढे ढकलवत नाही.

विंचवाच्या विषाचा हृदयाशी काय संबंध? आपल्याकडे दोन तऱ्हेचे विंचू दिसतात. मोठी काळी इंगळी दिसायला भयंकर. तिच्या डंखाने वेदना फार होतात, पण जिवाला धोका बहुधा नसतो. खरा धोका लहानशा लाल विंचवाचा. त्याचे विष मज्जातंतूंना चेतवते. भीतीच्या वेळी शरीरात जी द्रव्ये थोडी थोडी सुटतात, ती या विषाने पुरासारखी सुटतात. सुरुवातीला उलट्या होतात, दरदरून घाम येतो, तोंडाला लाळ सुटते, आणि नाडी मंदही होऊ शकते. मग ती जलद होते. रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, हातपाय बर्फासारखे गार पडतात. हृदयाला आता आवळलेल्या नळ्यांत रक्त ढकलावे लागते. ते थकते, रक्त मागे तुंबते आणि फुफ्फुसांत पाणी भरू लागते. खोकला येतो, धाप लागते, तोंडावाटे लालसर फेस येतो. विंचवाने माणूस दगावतो तो बहुतेक असा. आणि विचित्र गोष्ट ही, की ज्याच्या अंगात विष असे भिनते त्याला डंखाची जागा कित्येकदा फारशी दुखतही नाही. म्हणून रडणारे मूल गप्प झाले म्हणजे उतार पडला, असे समजू नये. आधी त्याचे हातपाय चाचपावेत.

हे ज्ञान आपल्या शेजारीच तयार झाले आहे, याचा अभिमान वाटावा. खेडच्या उत्तरेला कशेडी घाट ओलांडला की पोलादपूर आणि त्याच्या पुढे महाड. महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले. विंचू चावलेली माणसे डोळ्यांदेखत दगावताना त्यांनी पाहिली. मोठी यंत्रे नव्हती. त्यांनी रोग्याच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, घाम, हातापायांची ऊब आणि छातीचे आवाज तासातासाला टिपले. कोणत्या खुणा आधी दिसल्या तर पुढे हृदय बिघडणार, हे त्यांनी १९८२ साली 'लॅन्सेट' या इंग्लंडच्या वैद्यकीय नियतकालिकात मांडले. आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारे प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध त्यांनी वापरून पाहिले आणि १९८६ साली त्याचा अनुभव त्याच नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्यापूर्वी दवाखान्यात आलेल्या गंभीर रोग्यांपैकी शंभरात पंचवीस-तीस दगावत. या उपचारानंतर ते प्रमाण शंभरात एकाच्या आसपास आले. पुढे विंचवाच्या विषावरची लसही आली. प्राझोसिनच्या जोडीला ती दिल्यास रोगी लवकर सावरतो, हे महाडच्याच ७० रोग्यांवरील अभ्यासातून २०११ साली दिसले. डॉ. बावस्करांना २०२२ साली पद्मश्री मिळाली. त्यांच्या साऱ्या कामाच्या मुळाशी बोट, नळी आणि घड्याळच होते.

मग आपण काय करायचे? विंचू चावला की मंत्र, कांदा, चिरा देणे, रक्त चोखणे, दोरी आवळणे यांत वेळ घालवू नका. विंचू लाल की काळा, या वादातही पडू नका. रोग्याला धीर द्या, चालवू नका. उलटी होत असेल तर कुशीवर निजवा. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवा, किंवा मिळेल त्या वाहनाने जवळचे आरोग्य केंद्र, नाहीतर कळंबणीचे उपजिल्हा रुग्णालय गाठा. प्राझोसिनची गोळी आपल्या मनाने देऊ नका. तिने रक्तदाब एकदम उतरू शकतो. मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची.

आणि वाटेत एक काम करा. एका चिठ्ठीवर लिहा: विंचू चावल्याची वेळ. उलटी किंवा घाम आला का, आणि कधी. हातपाय ऊबदार की गार. नाडी मिनिटाला किती. दर पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा आणि वेळेसह लिहीत जा. घाबरलेल्या माणसाची नाडीही जलद असते आणि विष भिनलेल्याचीही. एकाच आकड्यावरून निवाडा होत नाही, आणि तो करणे आपले कामही नाही. पण '७ वाजता ९६, हात ऊबदार; ७.१५ ला ११८, घाम, ७.३० ला १४०, हात गार' अशी चिठ्ठी हातात पडली की डॉक्टरांना मागच्या अर्ध्या तासाचा सगळा हिशेब एका नजरेत कळतो.

बाकी काळजी तुम्ही जाणताच. सरपणात, पेंढ्याच्या उडवीत, पातेऱ्यात आणि गडग्याच्या जांभ्या दगडांत बॅटरीचा उजेड पाडल्याशिवाय हात घालू नये. पायताण झटकून घालावे. अंथरूण झटकून पसरावे. उन्हाळ्यात आणि पावसाच्या उघडीपीत तर जास्तच जपावे.

आता पुन्हा त्या दवाखान्यात जाऊ. डॉक्टरांनी मुलाची नाडी मोजली, गार तळवे चाचपले, छातीत घोड्याची चाल ऐकली आणि त्याबरोबर उपचार सुरू केले. रात्रभर ते अधूनमधून येऊन मुलाच्या पावलांना हात लावून पाहत होते. पहाटे पावले ऊबदार लागली, नाडी खाली आली, तिसरा ठोका थांबला. आजी उशाशी जागीच होती. डॉक्टरांनी तिचा हात धरून नातवाच्या मनगटावर ठेवला आणि म्हणाले, "आजी, आता तुम्हीच पाहा."